परिभाषेची हेळसांड

शब्दांच्या बाबतीत काटेकोर असणाऱ्या मनुष्यास ‘शब्दपंडित’ ठरवून त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अलीकडे संगणकाच्या क्षेत्रातील सुशिक्षित तरुणांनीही ती उचललेली दिसते. अर्थ कळला म्हणजे झाले, शब्द हा असला काय अन् तो असला काय, असे ते मोठ्या ठसक्याने सांगतात. काव्यशास्त्रविनोदाच्या बैठकीत हे एक वेळ चालून जाईल. परंतु ज्या लेखनाच्या आधाराने शेकडो अपरिचित माणसांनी, एकमेकांचे तोंडही न पाहता, एकच काम तडीस न्यावयाचे असते, त्या लेखनासही जेव्हा हाच न्याय लावण्यात येतो, तेव्हा त्याचा प्रतिवाद करणे अवश्य होते. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

ज्या लेखनाविषयी आम्ही बोलत आहोत ते मुक्तस्रोत प्रकल्पांच्या मार्गदर्शिकांचे. सर्वत्र ‘ओपन सोर्स’ या नावाने ओळखले जाणारे सॉफ्टवेअर म्हणजेच मुक्तस्रोत. त्याची मूळ संहिता वाचण्यास, वापरण्यास व सुधारण्यास सर्वांना मोकळीक असते. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी असलेले लिनक्स हे अशाच एका प्रकल्पाचे फळ होय. अशा प्रकल्पात ज्याला काही भर घालावयाची असेल त्या योगदानकर्त्यासाठी एक मार्गदर्शिका लिहिलेली असते. दुरुस्ती कशी तयार करावी, कोणाकडे धाडावी, ती कोण तपासणार आणि कोणत्या अटींवर स्वीकारणार, हे सर्व तीत सांगितलेले असते. कचेरीत शेजारच्या मेजावरील सहकाऱ्यास ‘अहो, याचा अर्थ काय?’ असे विचारता येते. येथे सहकारी कदाचित दुसऱ्या खंडात झोपलेला असतो. नवख्यास मार्गदर्शिकेतील शब्द हाच गुरू आणि हाच शेजारी.

शब्दांशी वागण्याच्या दोन रीती आपल्या परंपरेत उत्तम प्रकारे दिसून येतात. अमरसिंहाने एकेका वस्तूच्या नावांची माळ ओवून ठेवली. कमळाला, सूर्याला, पाण्याला नावांचा तुटवडा ठेवला नाही. शिवाय एका शब्दाचे अनेक अर्थ सांगणारा नानार्थवर्गही त्याने जोडला. कवीस दोहोंचा उपयोग. एकाने वृत्त सांभाळावे, दुसऱ्याने श्लेष साधावा. पाणिनीचे काम निराळे होते. आ, ऐ, औ यांस ‘वृद्धि’ म्हणावयाचे आणि अ, ए, ओ यांस ‘गुण’, असे त्याने आरंभीच बांधून टाकले. पुढे नियम सांगताना रुचिपालट म्हणून वृद्धीला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. ज्याला नियम सांगावयाचे आहेत त्याने पाणिनीचा शिष्य व्हावे, अमरसिंहाचा नव्हे. मार्गदर्शिका हा नियमग्रंथ आहे. तो लिहिणारे मात्र नकळत अमरकोश लिहू लागतात, येथेच सगळी गफलत होते.

याचे मूळ पुष्कळ अंशी आपल्या शालेय शिक्षणात आहे. एका परिच्छेदात एकच शब्द दोनदा आला की मास्तरांची तांबडी पेन्सिल खाली उतरते, हा अनुभव कोणास नाही? इंग्रजी शाळांतही हेच चालते. फौलर या कोशकाराने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात या खोडीची यथेच्छ टर उडविली. पण खोड गेली नाही. निबंधात ती निरुपद्रवी आहे. मार्गदर्शिकेत तिच्यामुळे दोन दोष उद्भवतात. एका वस्तूला अनेक नावे देणे हा एक. त्यास पर्यायदोष म्हणू. एका नावाने अनेक वस्तू दाखविणे हा दुसरा. त्यास नानार्थदोष म्हणू. दोहोंची उदाहरणे शोधण्यास आडरानात जावे लागत नाही. या क्षेत्रातील सर्वांत मान्यवर प्रकल्पच ती पुरवितात.

‘गिट’ हे साधन घ्या. लिनस टोर्वाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी २००५ साली ते निर्माण केले, आणि आज बहुतेक मुक्तस्रोत प्रकल्पांचे दप्तर त्याच्याच स्वाधीन आहे. कोणी, केव्हा, काय बदलले याची ते नोंद ठेवते. मात्र केलेला बदल थेट वहीत चढत नाही. पाकीट बंद करण्यापूर्वी कोणते कागद आत जावयाचे ते आपण जसे निवडून बाजूस ठेवतो, तसे नोंद करावयाचे बदल आधी एका मधल्या जागी ठेवावे लागतात. कल्पना सुबोध आहे. पण या एका जागेची नावे तीन! आरंभी तिला ‘कॅश’ म्हणत. २००५ सालीच ‘इंडेक्स’ हे नाव पुढे आले. नंतर शिकविणाऱ्यांच्या तोंडी ‘स्टेजिंग एरिया’ हा शब्द रुळला. गिटच्या स्वतःच्या शब्दार्थसूचीत ‘कॅश’ हा शब्द इंडेक्सचे जुने, सोडून दिलेले नाव म्हणून नमूद आहे. एवढ्यावर प्रकरण मिटावयास हवे होते.

ते मिटलेले नाही. फरक दाखविणाऱ्या आज्ञेस ‘कॅश्ड’ ही खूणही चालते आणि २००८ सालापासून ‘स्टेज्ड’ हीही चालते. फाइल काढून टाकण्याच्या आज्ञेस ‘कॅश्ड’ चालते, ‘स्टेज्ड’ चालत नाही. २०१९ साली आलेल्या ‘रिस्टोअर’ या आज्ञेस नेमके उलट. तिला ‘स्टेज्ड’ समजते, ‘कॅश्ड’ समजत नाही. कळस म्हणजे ‘अप्लाय’ या आज्ञेस ‘इंडेक्स’ आणि ‘कॅश्ड’ अशा दोन्ही खुणा आहेत आणि त्यांचे अर्थ भिन्न आहेत. एकीने बदल मधल्या जागी व प्रत्यक्ष फाइलींत असा दोहीकडे होतो, दुसरीने केवळ मधल्या जागी. म्हणजे जे दोन शब्द सूचीत समानार्थी म्हणून दिले, तेच येथे विरोधी जोडी म्हणून उभे केले आहेत. हा गुंता उलगडून सांगण्यासाठी गिटच्या कर्त्यांना आपल्या पुस्तिकेत नेहमी घोटाळा होणाऱ्या खुणांवर एक वेगळा भागच लिहावा लागला. त्यांच्या बुद्धीविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु एवढी बुद्धिमान माणसेही एकदा सुटलेला शब्द परत आवरू शकत नाहीत, यावरून आरंभीच्या शिस्तीचे मोल ध्यानात यावे.

आता नानार्थदोष पाहू. इंग्रजीत ‘साइन’ करणे म्हणजे सही करणे. लिनक्समध्ये २००४ सालापासून अशी पद्धत आहे की प्रत्येक योगदानकर्त्याने आपल्या दुरुस्तीखाली स्वतःच्या नावाची एक ओळ लिहावी. हे काम धाडण्याचा मला अधिकार आहे, अशी हमी त्या ओळीने दिली जाते. पुढे अनेक प्रकल्पांनी ही पद्धत घेतली. याहून सर्वस्वी वेगळी गोष्ट म्हणजे सांकेतिक किल्लीने नोंदीवर उमटविलेली मुद्रा. नोंद खरोखर त्याच किल्लीच्या धन्याने केली याचा तो पुरावा. एक अधिकाराची हमी, दुसरी ओळखीची खूण. आणि इंग्रजीत दोहोंसही ‘साइन’! गिटच्या आज्ञेत तर दोहोंची खूण ‘एस’ हे एकच अक्षर आहे. लहान लिहिले तर हमीची ओळ, मोठे लिहिले तर मुद्रा.

याचा परिणाम काय होतो ते सांगतो. आमच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थी अशा प्रकल्पांत हात घालू लागले आहेत, आणि इंग्रजीचा अध्यापक या नात्याने त्यांच्या मार्गदर्शिकांचा अर्थ लावून देण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर वारंवार येतो. त्यांतील एका विद्यार्थिनीची दुरुस्ती एका प्रकल्पाकडून परत आली. नोंदीवर सही नाही, एवढेच कारण लिहिले होते. तिने मार्गदर्शिका पुन्हा वाचली. तीत नोंदी ‘साइन’ कराव्यात असे होते. चार दिवस खपून तिने सांकेतिक किल्ली तयार केली, मुद्रा उमटविली आणि दुरुस्ती पुन्हा धाडली. पुन्हा तेच उत्तर आले. त्यांना हवी होती ती फक्त एक ओळ. तिसऱ्या खेपेस तिने दुरुस्ती धाडलीच नाही. दुरुस्ती बिनचूक होती. नापास झाला तो मार्गदर्शिकेतील शब्द, आणि शिक्षा झाली वाचणारीला.

माणसांच्या पदव्यांचीही हीच कथा. ‘कमिटर’ हा शब्द घ्या. अपाचे या संस्थेत प्रकल्पाच्या भांडारात थेट लिहिण्याचा अधिकार ज्यास विश्वासाने दिला जातो तो कमिटर. गिटच्या लेखी मात्र जो कोणी प्रत्यक्ष नोंद करतो तो कमिटर, मग ती त्याच्या घरच्या संगणकावर का असेना. अर्थात आमचा विद्यार्थी गिटच्या दप्तरी पहिल्या दिवशीच कमिटर होतो आणि अपाचेच्या दप्तरी कित्येक महिने होत नाही. डेबियन या प्रकल्पात एखाद्या पॅकेजची निगा राखणारा तो ‘मेंटेनर’. पण २००७ साली तेथे ‘डेबियन मेंटेनर’ या नावाचा मर्यादित अधिकाराचा दर्जाही निर्माण झाला. निगा राखणाऱ्या प्रत्येकास तो दर्जा असतोच असे नाही. आतल्या माणसास हा भेद सवयीने कळतो. बाहेरच्याने तो कोठून ओळखावा?

येथे प्रतिपक्षाचे पहिले उत्तर येते. अनुभवाने सगळे कळते, आम्ही नाही का शिकलो, असे ते म्हणतात. हा युक्तिवाद ऐकून नदी पोहून आलेल्यांनी पुलाची गरज नाही असा ठराव करावा, तसे वाटते. जे शिकले ते आत आहेत, म्हणून त्यांचा आवाज ऐकू येतो. जे उंबऱ्यावरूनच परतले त्यांनी तक्रारही नोंदविली नाही. परत गेलेला मनुष्य कोणत्याही वहीत चढत नाही, म्हणून वहीवरून केलेला हिशेब खोटा ठरतो. शिवाय परतणाऱ्यांत कोण अधिक असतात याचा विचार करा. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे तो एका शब्दाऐवजी दुसरा आला तर संदर्भाने ताडतो. नांदेड किंवा सांगलीचा विद्यार्थी, ज्याने इंग्रजी पुस्तकातून मिळविले आहे, तो शब्द बदलला की वस्तू बदलली असे समजतो. तसे समजणे हे अज्ञानाचे लक्षण नाही. नियमग्रंथ वाचण्याची योग्य रीत तीच आहे, आणि नेमका योग्य रीतीने वाचणाराच येथे फसतो.

दुसरे उत्तर असे की, स्वयंसेवकांवर शब्दांचा जुलूम केला तर ते पळून जातील. यात तथ्य आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. कोणी मोठ्या कष्टाने चार परिच्छेद लिहून द्यावेत आणि चालकांनी ‘येथे इंडेक्स म्हणा, स्टेजिंग एरिया म्हणू नका’ एवढेच लिहून ते परत धाडावेत, हा उद्धटपणा झाला. परंतु यावरून निष्पन्न होते ते इतकेच की, शिस्तीचा भार प्रकल्पाच्या चालकांनी वाहावा. त्यांनी शब्दसूची आधी द्यावी, आणि नवख्याच्या हातून चुकीचा शब्द पडला तर तो स्वतःच्या हाताने बदलून दुरुस्ती स्वीकारावी. शिस्त नको असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

तिसरे उत्तर अधिक वजनदार आहे. जुनी नावे बदलली तर जुन्या आज्ञा, जुनी पुस्तके, जुने धडे सगळे निरुपयोगी होतील, असा आक्षेप घेतात. आज्ञेतील खूण आणि गद्यातील संज्ञा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यास उत्तर. ‘कॅश्ड’ ही खूण हजारो ठिकाणी वापरात असल्यामुळे ती मोडू नये, हे खरे. पण तिचे वर्णन करणाऱ्या गद्यात त्या जागेला एकाच नावाने संबोधण्यास कोण आड येते? नाव बदलावयाचेच झाले तर ते अर्धवट बदलू नये. गिटहब या संस्थेने १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या भांडारांतील मुख्य शाखेचे नाव ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ असे केले. त्या बदलाच्या गुणदोषांशी येथे आम्हास कर्तव्य नाही. परंतु त्यानंतर ज्या प्रकल्पांनी शाखेचे नाव बदलले आणि मार्गदर्शिकेतील चार ठिकाणांपैकी दोनच सुधारली, त्यांनी नवख्यास न्यायही दिला नाही आणि सोयही दिली नाही. त्याने मार्गदर्शिकेतून आज्ञा उतरून घ्यावी आणि अशी शाखाच नाही असे संगणकाने त्यास सांगावे, एवढेच घडले.

चौथे उत्तर भाषाप्रेमी मंडळींकडून येते. भाषा ही वाहती नदी, तिला बांध घालू नका, असे ते म्हणतात. नदीबद्दल आमची तक्रार नाही. पण पाटाचे पाणी मोजूनच सोडावे लागते. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांना हे फार पूर्वी उमगले. १९९७ साली त्यांनी २११९ क्रमांकाच्या एका छोट्या दस्तऐवजात ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ अशा मोजक्या शब्दांचे अर्थ कायमचे ठरवून दिले. पहिला शब्द सक्तीचा, दुसरा सबळ कारणाशिवाय मोडू नये अशा शिफारशीचा, तिसरा ऐच्छिक. तरीही हेच शब्द बोलीच्या अर्थाने लहान अक्षरांत लिहिले तर काय समजावे, हा घोळ उरला. केवळ मोठ्या अक्षरांत लिहिले असतील तेव्हाच ठरविलेले अर्थ लागू, हे स्पष्ट करण्यास २०१७ साल उजाडावे लागले. तीन शब्द संपूर्ण बांधण्यास वीस वर्षे लागली, तर जे मुळीच बांधीत नाहीत त्यांची गत काय होत असेल?

आम्हा मराठी लोकांचा या प्रश्नाशी संबंध दुहेरी आहे. आमची मुले या मार्गदर्शिका वाचतात हा एक. आणि आमच्यापैकी काही जण त्या व ते सॉफ्टवेअर मराठीत आणतात हा दुसरा. भाषांतरकारास मूळ लेखकाची ढिलाई दुप्पट भोवते. मुळात एका जागेची तीन नावे असली की तो प्रामाणिकपणे तीन मराठी शब्द घडवितो, आणि मराठी वाचकापुढे तीन जागा उभ्या राहतात. वर दिलेल्या उदाहरणांत आणखी एक गंमत आहे. लहान व मोठा ‘एस’, सामान्य मेंटेनर व दर्जाचा मेंटेनर, बोलीचा ‘मस्ट’ व नियमाचा ‘मस्ट’, हे तिन्ही भेद लेखनात रोमन लिपीच्या लहानमोठ्या अक्षरांवर तोलून धरले आहेत. देवनागरीत लहानमोठे अक्षर नाही. भाषांतर होताच तो टेकू निसटतो आणि भेद जमीनदोस्त होतो. जो अर्थ अक्षराच्या आकारावर उभा आहे तो शब्दाने सांगितलेलाच नव्हता, हे अशा वेळी उघडकीस येते.

आमच्या घरातही सारे आलबेल आहे असे नाही. फाइलीला कोणी धारिका म्हणतो, कोणी संचिका. आणि एकाच पडद्यावर दोन्ही भेटतात. नेहमी लागणाऱ्या संज्ञा भाषेगणिक एकदाच ठरवाव्यात, या हेतूने २००८ साली ‘फ्यूएल’ नावाचा उपक्रम हिंदीपासून सुरू झाला आणि पुढे मराठीसह इतर भाषांत पसरला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु आमच्या क्रियापदांकडेही पाहिले पाहिजे. ‘दुरुस्ती धाडण्यापूर्वी चाचणी करावी’ या वाक्यात आज्ञा आहे की सल्ला? मराठीतील ‘करावी’ दोहोंसही चालते, आणि सरकारी परिपत्रकांत हा संदिग्धपणा सोयीचाही असतो. मार्गदर्शिकेत तो घातक आहे. सक्ती असेल तेथे ‘केलीच पाहिजे’, शिफारस असेल तेथे ‘केलेली बरी’, मोकळीक असेल तेथे ‘केली तरी चालेल’ असे तीन साचे ठरवून घेतले आणि ते पहिल्या पानावर छापले, तर एवढ्यानेही पुष्कळ काम होईल.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक प्रकल्पाने संहितेच्या शेजारीच एक शब्दसूची ठेवावी. तीत प्रत्येक संज्ञेपुढे तिची व्याख्या, टाळावयाचे पर्याय, आणि जिच्याशी गल्लत होण्याचा संभव आहे अशी संज्ञा, एवढे तीन रकाने असावेत. व्याख्या करताना आपल्या नैयायिकांची कसोटी लावावी. व्याख्येतून काही निसटता कामा नये, भलते आत शिरता कामा नये, आणि ज्याची व्याख्या केली त्याच्या ठायीच ती अशक्य ठरता कामा नये. संज्ञा बदलावयाची झाल्यास संहितेतील बदलाइतक्याच गांभीर्याने, सर्व ठिकाणी एकाच वेळी बदलावी. टाळावयाचे शब्द हुडकण्यास यंत्रही मदत करते; आलेले प्रत्येक पान शब्दसूचीशी ताडून पाहणारी ‘वेल’सारखी साधने स्वतःच मुक्तस्रोत आहेत. मात्र यंत्राची धाव पर्यायदोषापर्यंत. एकच शब्द दोन अर्थांनी आला आहे हे त्यास सहसा दिसत नाही. तेथे माणसाचाच डोळा हवा. आणि तो डोळा शक्य तर नवख्याचा असावा. आतल्या माणसास दोन्ही अर्थ इतके पाठ झालेले असतात की त्यांच्यामधील खाच त्यास जाणवत नाही.

या चळवळीने ‘मुक्त’ हे विशेषण आपल्या माथ्यावर मिरविले आहे, आणि संहिता सर्वांपुढे उघडी करण्यात तिने जे औदार्य दाखविले ते निःसंशय थोर आहे. पण संहिता वाचावयास मिळणे आणि तीत हात घालता येणे या दोहोंत मार्गदर्शिकेचे अंतर आहे. ते अंतर ज्या शब्दांनी तोडावयाचे ते शब्द पानागणिक बदलत राहिले, तर दाराला कुलूप नसूनही दार बंदच राहते. फरक इतकाच की कुलूप दिसते, आणि हे दिसत नाही. दार उघडे असल्याची ग्वाही आतल्यांनी देऊन भागावयाचे नाही. ती बाहेरून आलेल्या पाहुण्याने द्यावी लागते, आणि त्याच्या हाती देण्यासारखी वस्तू एकच आहे: ज्याचा अर्थ पहिल्या पानावर जो, तोच शेवटच्या पानावरही, असा शब्द.